हलव्याची खिडकी
सोलापुरात संक्रांत म्हणजे सिद्धेश्वरांची गड्डा यात्रा आणि सात नंदीध्वज. पूर्वी याच दिवसांत टपालानं तिळगुळाची चिमुकली भेटकार्डं यायची. पाकिटात हलव्याचे चार दाणे, तेही बहुधा चुरा झालेले. आता मोबाइलवरचे पतंग एका बोटासरशी शंभर जणांना जातात आणि तितक्याच झटपट पुसलेही जातात. यंदा कार्ड हातानं करून बघा. काळा जाड कागद घ्या, साच्यानं गोल खिडकी कापा, आतून ओएचपीची पारदर्शक शीट चिकटवा, भोवती फोमची दुहेरी टेप लावा, पोकळीत हलवा घाला आणि मागचा कागद बसवा. दाणे मस्त खुळखुळतात. टेपच्या कोपऱ्यात फट राहिली तर मात्र कार्डाआधी मुंग्या पोचतील! शीटवर साधी शाई थेंबाथेंबानं गोळा होते, बोट लागलं की फिसकटते. तिथं अल्कोहोलची शाई किंवा पर्मनंट मार्करच हवा. साचा महाग वाटला तर कटर पुरतो. तसंही पुठ्ठ्याला भोकं पाडून नक्षी काढणं या गावाला कुणी शिकवायला नको. मागावर नक्षी विणायचं जकार्डचं तंत्र फ्रान्समधलं, १८०४ च्या सुमाराचं. पण सोलापुरी चादरीवरची फुलं इथल्या मागांवर भोकांच्या पुठ्ठ्यांच्या माळेनंच उमटली, एका आडव्या धाग्याला एक पुठ्ठा. असा एखादा बाद पुठ्ठा मिळाला तर कार्डाच्या पाठीला लावा. इतकी अस्सल सोलापुरी नक्षी दुकानात मिळायची नाही. आणि पेटीत टाकण्याआधी वजन करा, साध्या पत्राच्या दराचा पहिला टप्पा २० ग्रॅमलाच संपतो.