‘मान्य’ म्हणण्याची सक्ती



२०२१ सालच्या जानेवारी महिन्यात आपल्या मोबाइलच्या पडद्यावर एक सूचना आली होती, ती आपणांस आठवते काय? व्हॉट्सॲपने प्रत्येक वापरणाऱ्यास कळविले होते की, आमच्या नव्या अटी ८ फेब्रुवारीपर्यंत मान्य करा, अन्यथा पुढे वापर करता येणार नाही. देशभर ओरड झाली तेव्हा ती मुदत १५ मेपर्यंत पुढे गेली, आणि नंतर कंपनीने आपली भाषाही थोडी सौम्य केली. अटी मात्र त्याच राहिल्या. आपण काय केले? ‘मान्य’ हे बटण दाबले. मीही दाबले. विहारातील वंदनेची वेळ त्यावरच कळते, मुलीच्या शाळेचा निरोप त्यावरच येतो, पुण्यात नोकरीस असलेला भाऊ आणि गावाकडील आई त्यावरच बोलतात. नकार देऊन जाणार कोठे?

अशा ‘मान्य’ला संमती म्हणावे काय, एवढाच आज माझा प्रश्न आहे.

प्रथम वस्तुस्थिती नीट पाहू. आपल्या संदेशातील मजकूर कंपनीस वाचता येत नाही, हे खरे आहे, आणि त्याबद्दल तिच्यावर खोटा आरोप करण्याचे कारण नाही. परंतु आपला फोन नंबर, फोनचा प्रकार, आपण हे साधन केव्हा आणि कसे वापरतो, कोणत्या व्यापाऱ्याशी त्यावरून बोलतो, ही माहिती तिच्या हाती राहते आणि ती तिची मालक कंपनी मेटा, म्हणजे पूर्वीची फेसबुक, हिला दिली जाऊ शकते. २०१६ साली अशीच अट आली होती, तेव्हा जुन्या ग्राहकांना ३० दिवसांच्या आत नकार देण्याची सोय ठेवली होती. २०२१ मध्ये ती सोयही राहिली नाही. फेसबुकने २०१४ मध्ये व्हॉट्सॲप विकत घेतले, त्या वेळी दोन्हीकडील ग्राहकांची खाती आपोआप जुळविणे आपणांस खात्रीने जमणार नाही, असे तिने युरोपीय आयोगास सांगितले होते. ते सांगणे दिशाभूल करणारे होते, असे ठरवून आयोगाने २०१७ च्या मे महिन्यात तिला ११ कोटी युरोंचा दंड केला. ज्या कंपनीचा शब्द एकदा असा निघाला, तिच्या अटींवर डोळे मिटून अंगठा उठवावयाचा काय?

आपल्या देशातही हा प्रश्न उपस्थित झाला. १८ नोव्हेंबर २०२४ रोजी भारतीय स्पर्धा आयोगाने मेटा कंपनीस २१३.१४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. बाजारात आपलीच सत्ता आहे, ग्राहकास दुसरीकडे जाण्यास वाट नाही, हे जाणून ‘घ्या नाहीतर चालते व्हा’ अशी अट घालणे हा त्या सत्तेचा दुरुपयोग होय, असे आयोगाचे म्हणणे. जाहिरातीसाठी ही माहिती पाच वर्षे अन्य कंपन्यांस देऊ नये, अशी बंदीही आयोगाने घातली होती. २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये अपील न्यायाधिकरणाने दंड कायम ठेवला. पाच वर्षांची बंदी मात्र उठविली. एवढ्या मोठ्या कंपनीस २१३ कोटी म्हणजे काय, हा हिशेब वाचकांनीच करावा.

आता संमतीकडे वळू. १९८२ साली दिल्लीत आशियाई क्रीडास्पर्धांची बांधकामे चालू असताना मजुरांना किमान वेतनाहून कमी पैसे हाती पडत होते. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. ते मजूर आपण होऊन कामावर आले, कमी मजुरी त्यांनीच पत्करली, मग वेठ कोठे आली, असे कोणीही म्हणू शकला असता. न्यायालयाने हे मान्य केले नाही. भूक आणि दारिद्र्य यांमुळे ज्याच्यापुढे दुसरा मार्गच उरत नाही, त्याने किमान वेतनाहून कमी मजुरीवर केलेले काम ही राज्यघटनेच्या २३ व्या कलमाने निषिद्ध केलेली वेठच होय, असा निर्णय दिला. सक्ती केवळ चाबकाची नसते, परिस्थितीचीही असते, हे तत्त्व त्यामुळे आपल्या कायद्यात आले. आपणांस ते न्यायालयाने शिकविण्याची गरज नव्हती. वतनाच्या कामास आपल्या पूर्वजांनी ‘नाही’ म्हटल्याचे गावाच्या दप्तरात नोंदलेले नसेल. म्हणून ते काम त्यांनी राजीखुशीने केले असे कोणी म्हणू धजेल काय? मजुराच्या श्रमाबाबत जे तत्त्व खरे, ते त्याच्या माहितीबाबत खोटे कसे ठरेल?

येथे कोणी म्हणेल की, गरिबापाशी लपविण्यासारखे आहे तरी काय? हा प्रश्न ज्यांना कधी आडनाव विचारले गेले नाही त्यांनाच सुचतो. भाड्याने खोली मागावयास गेलेल्या आपल्या तरुणास पहिला प्रश्न कोणता येतो, हे आपण जाणता. आडनाव, वस्तीचा पत्ता, कोणती गाणी ऐकतो, १४ ऑक्टोबर वा ६ डिसेंबर या दिवशी फोन कोठे होता, एवढ्यावरून माणूस न विचारताही ओळखता येतो. जो प्रश्न विचारणाऱ्याला पूर्वी निदान तोंड उघडावे लागे, त्याचे उत्तर आता तोंड न उघडता मिळू शकते. शिवाय मोबाइलवरून झटपट कर्ज देणारी ॲप आठवा. फोनमधील नातलगांचे नंबर उचलावयाचे आणि हप्ता थकला की त्या सर्वांना फोन करून कर्जदाराची अब्रू घ्यावयाची, असा धंदा कित्येकांनी केला. त्यांनाही ‘परवानगी’ कर्जदारानेच दिलेली होती! अखेर २०२२ च्या सप्टेंबरमध्ये रिझर्व्ह बँकेला असे नंबर व छायाचित्रे यांना हात लावण्यास मनाई करावी लागली.

खाजगीपणाचा हा हक्क श्रीमंतांचा लाड नव्हे. व्यक्ती, तिचे घर आणि तिचे कागदपत्र यांची अवाजवी झडती होऊ नये, हे कलम डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४७ च्या आपल्या निवेदनात मूलभूत हक्क म्हणून मांडले होते. ते घटनेत आले नाही. १९६२ साली खरकसिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने पोलिसांचे रात्रीबेरात्री घरी येणे बेकायदा ठरविले, तरी खाजगीपणा हा मूलभूत हक्क नाही असेच म्हटले. २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायाधीशांनी एकमताने तो हक्क मान्य केला. त्यानंतर २०२३ चा व्यक्तिगत माहिती संरक्षण कायदा झाला.

ह्या कायद्यात संमती मुक्त असली पाहिजे असे लिहिले आहे, आणि दिलेली संमती परत घेणे ती देण्याइतकेच सोपे असावे असेही म्हटले आहे. हे चांगले आहे. कसूर करणाऱ्या कंपनीस २५० कोटींपर्यंत दंड होऊ शकतो. परंतु तो दंड सरकारच्या संचित निधीत जातो. ज्याचे नुकसान झाले त्यास त्यातील छदामही मिळत नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ४३-अ कलमान्वये नुकसानभरपाई मागण्याची जी सोय होती, तीही हा कायदा काढून टाकतो. उलट खोटी वा क्षुल्लक तक्रार करणाऱ्या नागरिकास मात्र १० हजारांपर्यंत दंडाची तरतूद आहे! तक्रारी ऐकणाऱ्या मंडळाचे सदस्य केंद्र सरकार नेमणार, आणि सरकार स्वतःच्या यंत्रणांना ह्या कायद्यातून सूटही देऊ शकणार.

त्याहून चिंतेची गोष्ट वेगळीच आहे. ह्याच कायद्याने माहितीच्या अधिकाराचे ८(१)(ञ) हे कलम बदलले. पूर्वी व्यापक लोकहित असेल तर व्यक्तिगत माहितीही द्यावी लागे. आता ‘ही व्यक्तिगत माहिती आहे’ एवढे म्हणून अधिकारी मोकळा होऊ शकतो. ८(२) हे कलम शिल्लक आहे. पण घरकुलाच्या यादीत कोणाची नावे घुसली, शिष्यवृत्ती कोणाच्या खात्यात गेली, हे विचारणाऱ्या आपल्या कार्यकर्त्यास पहिले उत्तर नकाराचेच मिळेल, अशी मला भीती वाटते. कंपनीपुढे आपण उघडे आणि आपल्यापुढे कचेरी झाकलेली, असा हा उफराटा न्याय आहे. नुकसानभरपाईचे कलम परत आणा आणि लोकहिताची अट पूर्ववत करा, ह्या दोन मागण्यांचे ठराव आपल्या सभांतून झाले पाहिजेत.

कायद्यातील कंपन्यांवरील मुख्य बंधने नियमांनुसार २०२७ च्या मे महिन्यात लागू व्हावयाची आहेत. संमती मागणारा मजकूर इंग्रजीबरोबर घटनेच्या आठव्या अनुसूचीतील भाषांतही वाचावयास मिळाला पाहिजे, अशी त्यात तरतूद आहे. म्हणजे तो मराठीतही मागता येईल. तो पडद्यावर येईल तेव्हा घाईने बटण दाबू नका. घरातील आजीला तो मोठ्याने वाचून दाखवा, आणि ह्यात ‘नाही’ म्हणावयाची जागा कोठे आहे, हे तिला विचारा.