वैर आणि विरोध

८ डिसेंबर २०२३ रोजी केंद्र सरकारने कांद्याच्या निर्यातीवर बंदी घातली आणि तीनच दिवसांनी चांदवड येथे मुंबई-आग्रा महामार्गावर शेतकऱ्यांनी ठिय्या दिला. शरद पवार त्यात सहभागी झाले. राज्याच्या राजकारणात मात्र त्या काळी निराळाच विषय गाजत होता. २०२२ साली शिवसेना आणि २०२३ साली राष्ट्रवादी काँग्रेस दुभंगली होती. ‘गद्दार’ आणि ‘खोके’ या शब्दांनी सभा दुमदुमत होत्या.

बंदी मे २०२४ मध्ये उठली. तीही ५५० डॉलरचे किमान निर्यातमूल्य आणि ४० टक्के निर्यातशुल्क लादूनच. २०१० च्या डिसेंबरातही निर्यात रोखली गेली होती. तेव्हा दिल्लीत सरकार काँग्रेसप्रणीत होते आणि कृषिमंत्री स्वतः पवार होते. शहरात भाव चढला की उत्पादकाचा गळा आवळावयाचा, या धोरणाबाबत परस्परांचे हाडवैरी एकमताचे आहेत! वैर जितके कडवट, तितके हे एकमत झाकून राहते.

विरोधाची दुसरी रीत याच जिल्ह्याने पाहिली आहे. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात समितीने यशवंतराव चव्हाणांशी निकराची झुंज दिली. परंतु चीनच्या आक्रमणानंतर ते संरक्षणमंत्री झाले, तेव्हा १९६३ च्या नाशिक लोकसभा पोटनिवडणुकीत विरोधकांनी उमेदवार दिला नाही. ते बिनविरोध निवडून आले. म्हणून विरोध थंडावला काय? त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये नेहरू सरकारवर पहिला अविश्वास ठराव आला आणि सत्तावीस कोटी माणसे दिवसाला तीन आण्यांवर जगतात, असे सांगून राममनोहर लोहियांनी सरकारला जाब विचारला. त्या वादाचा विषय नेहरू नव्हते, दारिद्र्य होते.

समाजवाद्यांनी मात्र यावरून फुशारकी मारू नये. १९५४ साली त्रावणकोर-कोचीनमध्ये स्वपक्षाच्या सरकारने गोळीबार केला. त्या सरकारने राजीनामा द्यावा, ही लोहियांची मागणी तत्त्वाची होती. पण तत्त्वाचा वाद माणसांच्या वैरात मुरला, १९५५ साली पक्ष फुटला आणि पुढे जोडणे व फुटणे हाच त्याचा इतिहास झाला.

कार्यकर्त्याने व्यासपीठावर चढण्यापूर्वी स्वतःला एकच प्रश्न विचारावा: प्रतिस्पर्ध्याचे नाव वगळले, तर आपल्या भाषणात काय उरते? कांद्याचा भाव उरत असेल, तर तो विरोध आहे. काहीच उरत नसेल, तर चांदवडच्या रस्त्यावर बसलेल्या शेतकऱ्याला त्या भाषणाचा काडीचाही उपयोग नाही.