खोक्यातला समुद्र

सुटीत नातवंडे घरी आली की त्यांना गुंतवावे कशात, हा प्रश्न पडतो आणि ज्येष्ठांच्या वाट्याला बहुधा नुसते पाहत बसणे येते. या पंधरवड्यात आपण दोघांनाही एकाच मेजाशी बसवू या. बुटांचे रिकामे खोके, निळा घोटीव कागद, जुन्या लग्नपत्रिका, दोरा, डिंक व मूठभर वाळू एवढे साहित्य खोट्या मत्स्यालयास पुरते.

खोके उघडी बाजू समोर येईल असे आडवे ठेवावे. आतून निळा कागद चिकटवावा, तळाशी डिंक लावून वाळू भुरभुरावी. पत्रिकांतून कापलेले मासे दोऱ्याने वर टांगावेत आणि समोर पारदर्शक जिलेटीन कागद ताणून लावावा.

यातील कापण्याचे काम शक्यतो आजीआजोबांकडे द्यावे. ‘राहू द्या, मी करते,’ असे म्हणून आपण प्रेमाने त्यांच्या हातची कात्री काढून घेतो. परंतु वापर थांबला की स्नायू दुबळे होतात, सांधे आखडतात. सदऱ्याची गुंडी लावणे, गोळी पाकिटातून काढणे या गोष्टी अंगठा व तर्जनीच्या चिमटीवर अवलंबून असतात. त्या चिमटीचा सराव येथे सहज घडतो.

प्रत्येकाच्या प्रकृतीप्रमाणे थोडी काळजी घ्यावी. संधिवात असल्यास हात आधी कोमट पाण्यात शेकावेत. पक्षाघातानंतर दुबळ्या हाताने कागद दाबून धरावा, चांगल्या हाताने चिकटवावे. कंपवातातील कंप हात कामाला लागल्यावर बहुधा कमी होतो. काहींचा कंप मात्र हालचालीनेच वाढतो, त्यांनी कोपर मेजावर टेकवून कागद हाताने फाडावा. फाटक्या कडेची शेपटी अधिकच खरी दिसते. मधुमेहाने बोटे बधिर झाली असतील तर टाचण्या व गरम डिंकाची बंदूक टाळावी. चटका कळत नाही. वयपरत्वे डोळ्यातील भिंग पिवळसर होते आणि निळा व हिरवा यांतील फरक पुसट होतो. म्हणून मासे नारिंगी वा पिवळे असावेत. अर्ध्या तासाने सर्वांनी उठून चार पावले चालावे.

स्मृतिभ्रंश असलेल्या व्यक्तीला ‘हा कोणता मासा, सांगा बरं’ असे विचारू नये. ती परीक्षा होते. त्याऐवजी ‘तुमच्या लहानपणी बाजारात कोणते मासे यायचे?’ असे विचारावे. जुन्या आठवणी अधिक काळ टिकतात. मुंबईच्या मरीन ड्राइव्हवर १९५१ साली सुरू झालेले तारापोरवाला मत्स्यालय कित्येक ज्येष्ठांनी बालपणी पाहिले असेल. पापलेटला २०२३ साली महाराष्ट्राचा राज्यमासा घोषित केले, हे नातवंडांनी त्यांना सांगावे. देवाणघेवाण दोन्ही बाजूंनी झाली, तरच ती गप्पा होते.

आता एक गंभीर सूचना. मासे ‘गळाला लावण्यासाठी’ लहान लोहचुंबक, रोषणाईसाठी चपटे गोल सेल आणि शोभेसाठी पाण्यात फुगणारे मणी बाजारात मिळतात. लहान मुले असलेल्या घरात हे तिन्ही आणू नयेत. गिळलेला सेल अन्ननलिकेत अडकल्यास दोन तासांतही खोल जखम होऊ शकते. एकाहून अधिक चुंबक आतड्यांच्या वेटोळ्यांतून एकमेकांस ओढतात व आतड्याला छिद्र पाडतात. मणी पोटात फुगून आतडे अडवतात. मुलाने यांपैकी काही गिळल्याची नुसती शंका आली तरी उलटी करवू नये. तडक रुग्णालय गाठावे. तीन वर्षांखालील मुलांपासून शिंपले व सुटे मणीही दूर ठेवावेत.

खोके तयार झाल्यावर माळ्यावर टाकू नका. ज्येष्ठांच्या खाटेवरून दिसेल असे ठेवा. सुटी संपते, मुले परततात आणि घर एकाएकी सुने होते. त्या दिवसांत जेवण कमी होणे, झोप मोडणे या तक्रारी वाढतात. तेव्हा नातवाशी आधीच ठरवून ठेवावे, की दर रविवारी आजी एक नवा मासा कापेल आणि तो फोनवर त्याचे नाव ठेवील. मासा वाकडा झाला तर सरळ करू नका, तसाच टांगा. दोन रविवार मासा झालाच नाही, तर मात्र आजीजवळ बसून कारण विचारा आणि गरज वाटल्यास आपल्या डॉक्टरांना कळवा.