नाट्यगृहाची किल्ली मुलांकडे द्यावी



हुफूफ हे नाव आपल्या घरांत सहसा निघत नाही. सौदी अरबस्तानच्या पूर्वेला अल-अहसा नावाचा मोठा हिरवा पट्टा आहे, पंचवीस लाखांच्या आसपास खजुरीची झाडे असलेला. त्यातले हे जुने शहर. आमच्याबरोबर जनरल नर्सिंगचा डिप्लोमा घेतलेल्या दोघी मैत्रिणी ऐंशीच्या दशकात तिथे नोकरीला गेल्या. आम्हा बेने इस्राएल मुलींनी तिकडचा अर्ज भरायचा प्रश्नच नव्हता. का, ते आपल्या वाचकांना सांगायला नको. पण त्या सुट्टीवर आल्या की तिथला प्रसिद्ध 'खलास' जातीचा खजूर घेऊन यायच्या आणि तो आमच्या मलिद्याच्या ताटात पडायचा. एलियाहू हन्नबीच्या ताटात हुफूफचा खजूर! हे ऐकून त्या दोघी पोट धरून हसायच्या.

त्यांच्या बोलण्यात एक गोष्ट वारंवार यायची. पगार चांगला, हॉस्पिटल चकाचक, पण संध्याकाळी जायचे कुठे? ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीपासून त्या देशात चित्रपटगृहे बंद होती. तरण्या मुलामुलींनी एकत्र जमावे अशी सार्वजनिक जागाच नव्हती. नर्सेसची बस आठवड्यातून एकदा बाजारात न्यायची आणि मोजून परत आणायची. मराठी कुटुंबे कुणाच्या तरी दिवाणखान्यात चादरीचा पडदा बांधून मुलांचे नाटुकले बसवायची, दारे-खिडक्या लावून. टाळ्या वाजवायच्या त्याही बेताने.

आता बघा. १८ एप्रिल २०१८ रोजी रियाधमध्ये पुन्हा चित्रपटगृह उघडले. त्याच वर्षी अल-अहसाचे नाव युनेस्कोच्या जागतिक वारशात आले. आज हुफूफमध्ये मुले-मुली रांगेत उभी राहून तिकीट काढतात. २०२२ च्या जनगणनेप्रमाणे सौदी नागरिकांत शंभरातले त्रेसष्ट तिशीच्या आतले आहेत. एवढ्या तरुण लोकांना घरात कोंडून ठेवणे परवडत नाही, हे तिथल्या राज्यकर्त्यांना उमगले. त्या राजवटीचे गोडवे आम्ही गात नाही; बोलायची बंधने तिथे आजही कडक आहेत. पण पस्तीसएक वर्षे बंद असलेले दार उघडता येते, एवढे तरी त्यातून दिसते.

हे सगळे सांगायचे कारण आपल्याच घरातले आहे. आमच्या भाचीची मुलगी परदेशात शिकते. तिने आणि तिच्या सात-आठ मित्रमैत्रिणींनी ठरवले की आपल्या समाजाच्या मुलांसाठी एक लहान नाट्यगृह एका संध्याकाळपुरते भाड्याने घ्यायचे. थोडी नाटुकली, थोडे गाणे, मग खाणे आणि गप्पा. तिथल्या वडीलधाऱ्यांच्या कमिटीकडे मदत मागितली, तर अटी आल्या: आधी एक तास इतिहासावर व्याख्यान, मान्यवरांना व्यासपीठावर खुर्च्या, कार्यक्रमाची यादी मंजुरीसाठी पंधरा दिवस आधी. आणि नाट्यगृह कशाला, मशिदीचा हॉल आहे ना? (नव्या पिढीसाठी सांगतो: आपले आजी-आजोबा सिनेगॉगला मशीदच म्हणायचे.)

आमचे मत स्पष्ट आहे. कमिटीने पैसे द्यावेत आणि घरी बसावे.

नाटक म्हणजे थिल्लरपणा, असे ज्यांना वाटते त्यांनी आपला इतिहास जरा उघडून पाहावा. आपले कीर्तन आज आपण वडिलोपार्जित ठेव्यासारखे मिरवतो. पण मुंबईत ते सुरू झाले १८८० मध्ये. शेजारच्या हिंदू कीर्तनकारांची चाल, ढंग आणि उभे राहायची पद्धतसुद्धा उचलली आणि त्यात योसेफ, मोशे, एस्तेर बसवले. त्या काळी ती अगदी नवी गोष्ट होती. पुढे आपल्यातलेच जोसेफ डेव्हिड पेणकर पारशी रंगभूमीसाठी नाटके लिहीत राहिले. त्यांच्या नाटकावरून 'आलम आरा' हा भारतातला पहिला बोलपट झाला आणि तो १४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिकमध्ये लागला. 'बूट पॉलिश'मधले जॉन चाचा, म्हणजे डेव्हिड अब्राहम चेऊलकर, यांना तर साऱ्या देशाने डोक्यावर घेतले. अशा समाजाने रंगमंचाला नाक मुरडावे?

हॉल फुकट मिळतो, हे खरे. पण त्या हॉलमध्ये मुले आली की ती कुणाची तरी नातवंडे असतात. मावशी विचारतात लग्नाचे, काका विचारतात पगाराचे. नाट्यगृहात ती यजमान असतात. भाडे किती, दिवे कोण लावणार, कोशर खाणे कुठून आणायचे, उशिरा आलेल्याला आत घ्यायचे का, हे सगळे त्यांना ठरवावे लागते. समाज चालवायचा सराव यातूनच होतो. आम्ही वॉर्डात चार्ज द्यायचो तेव्हा पेशंटची माहिती नीट सांगायची, औषधांच्या कपाटाची किल्ली हातात द्यायची आणि निघायचे. चार्ज देऊनही रेंगाळणारी सिस्टर नव्या मुलीला कामच करू देत नाही, हे प्रत्येक हॉस्पिटलात दिसते.

दुसरी बाजू आम्हाला कळत नाही असे नाही. १९४८ च्या सुमारास भारतात आपण वीस हजारांच्या आसपास होतो. आज पाच हजारही नाही, बाकीचे लोद, अश्दोद, दिमोना, लंडन, टोरंटो असे पांगलेले. मुलांना मराठी धड येत नाही, आपले कुळगाव कुठले ते ठाऊक नाही, म्हणून व्याख्यान हवे असे वडील म्हणतात. काळजी खरी आहे. पण नवगावची हकीकत ऐकायला आधी कुणीतरी आलेले असावे लागते. एकमेकांची ओळख झाली की 'तुमचे आडनाव पेणकर, मग पेण कुठे आहे?' हा प्रश्न ती आपसांतच विचारतात. भाचीच्या मुलीच्या गटात तो निघालाच. एकीने नकाशा काढला आणि रात्री उशिरा आम्हाला फोन आला.

त्यांनी कमिटीच्या अटी नाकारल्या आहेत आणि वर्गणी काढायला घेतली आहे. भाडे आगाऊ भरायचे असते, तेव्हा आम्ही जुन्या चार नर्सेसनी मिळून एक वाटा पाठवला. तिकीट मात्र आम्हाला मिळणार नाही. वयाची अट पस्तीस आहे.