पत्र्याचें घर आणि काचेची लोकर

होळी उलटली कीं घरदुरुस्तीचीं कामें निघतात. रब्बीचा माल हातीं आलेला असतो, मृगास अवकाश असतो, आणि गवंडी-सुतारही मिळण्याजोगे असतात. अशा वेळीं शेतकरी बंधूंकडून आमच्याकडे एक प्रश्न वारंवार येतो. तालुक्याच्या दुकानांतून काचेच्या लोकरीच्या, म्हणजे ग्लासवूलच्या, ज्या गुंडाळ्या विकावयास येतात, त्या घेतल्यानें पत्र्याच्या घराची तलखी कमी होईल काय, व ती लोकर भिंतींसही लावावी काय? आमचें मत आरंभींच सांगतों: छपरास ती अवश्य लावावी, भिंतींस बहुधा लावूं नये, आणि या दोहोंच्या आधीं छपराची गळती काढून त्यास पांढरा रंग द्यावा. असें कां, तें क्रमानें मांडीत आहों.

मराठवाड्यांत माळवदाचीं व खानदेश-वऱ्हाडांत धाब्याचीं घरें पिढ्यान् पिढ्या होतीं. तुळयांवर फळ्या किंवा काटक्या आणि त्यांवर जाड मातीचा थर, अशी ती रचना असे. भर वैशाखांत अशा घरांत दुपारीं डोळा लागे. परंतु 30 सप्टेंबर 1993 च्या पहांटे किल्लारीचा भूकंप झाला आणि लातूर व तेव्हांच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत हजारों माणसें झोपेंतच गेलीं. मातींत रचलेल्या दगडी भिंती ढांसळल्या व वरचा सगळा भार अंगावर आला. त्यानंतर माळवदावरचा लोकांचा विश्वास उडाला, तो उगाच उडाला असें कोण म्हणेल? पत्रा हलका, झटपट चढणारा व परवडणारा म्हणून घरोघर आला. पत्र्याखालीं माणूस गाडला जात नाहीं हें खरें. पण उन्हाळ्यांत तो पत्रा 60 अंशांहून अधिक तापतो व खालीं बसवत नाहीं. धट्टाकट्टा माणूस लिंबाखालीं जाऊन बसेल. बाळंतीण, तान्हें मूल व अंथरुणास खिळलेला म्हातारा यांनीं कोठें जावें? उन्हांत हिंडणाऱ्यासच उष्माघात होतो असें नाहीं. तापलेल्या खोलींतील वृद्धासही तो होतो. यास्तव माळवदाचा गारवा त्याच्या भारावांचून मिळेल काय, हा प्रश्न आम्ही चैनीचा समजत नाहीं.

ही लोकर म्हणजे वितळलेल्या काचेचे केंसाहून बारीक तंतू होत. त्यांची व्यापारी रीत अमेरिकेंत 1930 नंतरच्या दशकांत गेम्स स्लेटर या इंजिनियरानें बसविली, आणि 1938 सालीं ओवेन्स-कॉर्निंग ही कंपनी याच धंद्यासाठीं निघाली. उष्णता अडविण्याचें काम काच करीत नाहीं, तंतूंत कोंडलेली स्थिर हवा करते. धनगराची घोंगडी थंडींत ऊब देते व उन्हांतही अंगावर चालते, त्याचें कारण हेंच.

आतां हिशेब पाहूं. दहा फूट रुंद व बारा फूट लांब खोलीवर एक फूट जाडीची माती घातली, तर तिचें वजन पांच टनांहून अधिक भरतें. त्याच खोलीवर घनमीटरास 24 किलो वजनाची दोन इंच लोकर घातली, तर ती चौदा किलोंहून जास्त भरत नाहीं. असें असून उष्णतेस अडथळा करण्यांत ही दोन इंच लोकर त्या फूटभर मातीच्या दुपटीहून अधिक ठरते. केंद्र सरकारच्या 2018 च्या इको निवास संहितेंत छपरास मर्यादा आहे कीं, दर चौरस मीटरास, दर अंश फरकामागें, 1.2 वॅटहून अधिक उष्णता आंत जाऊं नये. दोन इंच लोकर नीट बसविली तर छप्पर या मर्यादेच्या पुष्कळ आंत राहतें. मात्र मातीचा एक गुण लोकरींत नाहीं. माती उष्णता पोटांत साठवून ठेवते. लोकर ती केवळ अडविते. म्हणून दुपारीं दारें-खिडक्या सताड उघडून गरम वारा आंत घेतला, तर वरच्या लोकरीचा उपयोग होत नाहीं, आणि दोष मात्र लोकरीस लागतो.

भिंतींविषयीं आमचें मत निराळें आहे. अमेरिकेंत बहुतेक घरांच्या भिंती लांकडी चौकटीच्या असून त्यांत साडेतीन इंचांची वा अधिक पोकळी असते. ती लोकरीनें भरणें तेथें स्वाभाविक आहे. हिमाच्या दिवसांत घरांतील ऊब चहूं बाजूंनीं पळते, म्हणून त्यांना भिंती व माळा दोन्ही झांकावीं लागतात. आपल्या दगडाच्या किंवा पक्क्या विटांच्या भिंतींत पोकळी नाहीं. शिवाय मे महिन्यांत आपल्याकडे सूर्य डोक्यावर येतो. सर्वांत अधिक ऊन छपरावर पडतें, आणि दक्षिणेच्या भिंतीवर फारसें पडत नाहीं. पश्चिमेची भिंत तापते, पण तिला पडवी, तट्ट्याचा आडोसा किंवा एखादें झाड हा अधिक स्वस्त व टिकाऊ उपाय आहे. सबब भिंतीवरचा पैसा छपरावर घालावा.

विकत घेतांना गुंडाळीच्या चकाकीवर जाऊं नये. जाडी किती, घनमीटरास वजन किती, उष्णतारोधाचा अंक किती व आय. एस. 8183 या भारतीय मानकाचा उल्लेख आहे कीं नाहीं, या चार गोष्टी पाहाव्या. रोधाच्या अंकांत एक फसगत होते. अमेरिकन माप व मेट्रिक माप यांत सुमारें साडेपांच पटींहून थोडा अधिक फरक आहे. एकीकडे ज्यास 7 म्हणतात त्यासच दुसरीकडे सव्वा म्हणतात. म्हणून दोन मालांची तुलना एकाच मापानें करावी व किंमतीस त्या अंकानें भागून पाहावें. चार इंचांची लोकर दोन इंचांच्या जागेंत कोंबूं नये; हवा निघून गेली कीं तिचा गुणही कमी होतो.

नवें छप्पर करतांना कैच्यांवरील आडव्यांवर तारेची जाळी ताणून तिजवर लोकर व वर पत्रा घालावा. जुन्या छपरास खालून छत करून त्यावर लोकर पसरावी, आणि पत्रा व लोकर यांच्यामध्यें वारा खेळेल अशीं झरोक्यांचीं तोंडें दोन्ही टोकांस ठेवावीं. माळ्यावर धान्य ठेवीत असाल, तर लोकर माळ्याच्या तळाशीं न घालतां छपरालगत घालावी.

आक्षेपांपैकीं पहिला प्रकृतीचा. ही लोकर ॲस्बेस्टॉस नव्हे. कर्करोगाविषयीं संशोधन करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेनें पूर्वीं ती संशयित वस्तूंत धरली होती. 2001 सालीं पुराव्याचा फेरविचार करून तींतून काढली. ॲस्बेस्टॉस मात्र निश्चित कर्करोगकारकांत आहे. तथापि काचेच्या तंतूंनीं अंगास खाज सुटते व घसा खवखवतो. म्हणून बसविणाऱ्यानें पूर्ण बाह्या, हातमोजे, चष्मा व नाकातोंडावर मास्क घ्यावा, लोकर उघडी ठेवूं नये, व कातरण गुरांच्या वैरणींत जाऊं देऊं नये. दुसरा आक्षेप उंदरांचा, तो खरा आहे; झरोक्यांस बारीक जाळी हवीच. तिसरा ओलाव्याचा. भिजलेली लोकर कुचकामी होते, यासाठींच गळती आधीं काढावी असें आम्ही म्हणालों. चौथा आगीचा. काच जळत नाहीं, पण तिच्या पाठीचा कागद वा पातळ पन्नी पेट घेऊं शकते. चुलीच्या धुराड्यापासून ती दूर ठेवावी.

ज्याच्याजवळ यंदा लोकरीपुरता पैसा नाहीं, त्यानें निदान पत्र्यास पांढरा परावर्तक रंग द्यावा. सिमेंटच्या धाब्यास चुनाही चालेल. तेवढ्यानेंही फरक कळतो. आणि ज्यांस लोकर घ्यावयाची आहे, त्यांनीं एकेकट्यानें दुकानदाराच्या दारीं न जातां गांवची मागणी एकत्र करून, अंक व मानक लेखीं मागून घ्यावी. बियाणें व खत यांसाठीं आपण ही रीत पाळतों. घराच्या छपरासाठीं ती कां पाळूं नये? बैलांसाठीं गोठ्यावर पाचट टाकणारा शेतकरी आपल्या आईच्या खाटेवर तापलेला पत्रा तसाच ठेवतो, हें आम्हांस योग्य वाटत नाहीं. मृगाच्या आंत हें काम उरकावें, अशी आमची सर्व वाचकांस आग्रहाची विनंती आहे.