पान हिरवे, पण चूल पेटली आहे का?



पावसाने पंधरा-वीस दिवस दडी मारली, तरी पऱ्हाटी लगेच पिवळी पडत नाही. बांधावरून वावर हिरवेगार दिसते आणि आपण म्हणतो, 'अजून काही बिघडले नाही.' इथेच फसगत होते. पान हिरवे असते, पण त्याचे काम मंदावलेले असते.

पान म्हणजे झाडाची चूल. उन्हाच्या जाळावर हवा आणि पाणी शिजवून ते साखर करते. मुळांना ओल मिळेनाशी झाली, की पान आपली बारीक छिद्रे मिटून घेते. हवा आत जात नाही, चूल मंद होते, पान तापते. हरितद्रव्य मात्र त्यानंतर कमी होते. तोवर पात्या-फुले गळू लागतात.

हे आकाशातून ओळखण्याची धडपड जुनी आहे. १९७० साली डॉ. पी. आर. पिशारोटी यांनी केरळात हेलिकॉप्टरमधून नारळाच्या रोगट बागांचे फोटो खास फिल्मवर काढले. निरोगी पान तांबडा प्रकाश शोषते आणि डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश भरपूर परत फेकते. आजारी पानाचा हा हिशेब बिघडतो. याच हिशेबावर आजचे उपग्रह हिरवेपणा मोजतात. युरोपच्या सेंटिनेल-२ उपग्रहांच्या चित्रातला एक ठिपका दहा मीटर लांब-रुंद, म्हणजे जवळजवळ एक गुंठा असतो.

या मोजणीशी आता आपला संबंध आला आहे. केंद्राच्या २०१६ च्या दुष्काळ नियमावलीत पावसाबरोबर उपग्रहाने पाहिलेली पिकाची स्थितीही धरतात. ऑक्टोबर २०१८ मध्ये राज्यातील १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर झाला, तो याच नियमावलीप्रमाणे.

म्हणून या डोळ्याच्या मर्यादा जाणून घ्या. ढग आले की हे चित्र मिळत नाही. तण आणि बांधावरचे गवतही त्याला हिरवेच दिसते. आणि हिरवेपणा म्हणजे काम नव्हे. काम करणारे पान अतिशय मंद तांबडी चमक टाकते. शोषलेल्या प्रकाशाच्या शेकडा एक-दोन भागच. नासाने २०१४ साली सोडलेल्या एका उपग्रहाने ही चमक टिपली. पण त्याचा एक ठिपका सुमारे तीन चौरस किलोमीटरचा. त्यात पडेगावचे एकट्या वावर कसे दिसावे?

तेव्हा उरलेले काम आपल्या पायांचे. पडेगावपासून दौलताबादच्या डोंगराकडे जमिनी सारख्या नाहीत. एकाच वावरात वरचे टोक मुरमाड आणि खालचे काळे असते. मोबाइलवरच्या नकाशात फिका डाग दिसला, तर तिथे भल्या सकाळी जा. दुपारी पान मलूल होणे समजण्यासारखे आहे. पण रात्रभर विसावा मिळूनही सकाळी पान उभे राहिले नाही, तर दुखणे मुळाशी आहे. खुरप्याने उकरा. ओल किती खाली गेली, मुळे पांढरी आहेत की कुजलेली, ते पाहा. शेजारच्या चांगल्या झाडाशी ताडून बघा. ओल संपली असेल, तर विहिरीचे पाणी आधी त्या तुकड्याला द्या. मुळे कुजली असतील, तर पाणी थांबवून सहायक कृषी अधिकाऱ्याला दाखवा.

आणि घरातल्या शिकणाऱ्या मुलीला वहीत तारीख, पाऊस आणि पिकाची अवस्था लिहायला सांगा, फोटोही काढून ठेवू द्या. वरून हिरवे दिसले आणि बोंडे भरली नाहीत, तर पंचनाम्याच्या वेळी ही वही तुमच्या बाजूने बोलेल.