भिंतीपाशी वाढलेलं अळू

या आठवड्यात मी चिडले ती एका चिठ्ठीवरच्या कोऱ्या रकान्यांमुळे. नाव, वर्ग, हजेरी क्रमांक असे तीन रकाने होते आणि तिन्ही कोरे होते, म्हणून चिठ्ठी बाद झाली होती. टेबलाखालच्या खोक्यात बाद चिठ्ठ्यांचा एक गठ्ठा होता, त्यात ती मला सापडली. त्या दिवशी मी शंभराच्या आसपास चिठ्ठ्या वाचल्या. त्यांतली हीच सर्वांत कामाची होती.

झालं असं की आमच्या भागातल्या एका महाविद्यालयानं दिवाळीनंतरचा पहिला आठवडा हवामान बदलावर उपाय सुचवण्यासाठी ठेवला होता. छापील चिठ्ठीवर आपली कल्पना लिहायची, पेटीत टाकायची, निवडक कल्पना शनिवारी सभागृहाच्या भिंतीवर लावायच्या आणि पाहुण्यांनी त्यावर बोलायचं. पाहुणी मी. जुन्या वाचकांना माहीत आहे की अशा बोलावण्याला मी सहसा नाही म्हणत नाही, आणि भाषणाच्या तासभर आधी जाऊन आवार पायी फिरून येते. एखाद्या संस्थेची खरी ओळख तिच्या मागच्या बाजूला होते, हे मी इथे पूर्वीही लिहिलं आहे.

आधी चार गोष्टी माहितीच्या. पुण्यात पाषाणला असलेल्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी 2020 साली भारताच्या हवामान बदलाचा सविस्तर अहवाल सिद्ध केला. 1901 ते 2018 या काळात देशाचं सरासरी तापमान सुमारे 0.7 अंश सेल्सिअसनं वाढलं, असं त्यात नोंदवलेलं आहे. आपली बरीचशी वीज अजून कोळशावर होते, त्यामुळे तारेतून घरात येणाऱ्या दर युनिटमागे हवेत साधारण 0.7 किलो कार्बन डायऑक्साइड जातो. पर्यावरण हा विषय सगळ्या विद्यार्थ्यांना सक्तीचा करा, असं सर्वोच्च न्यायालयानं एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर 1991 सालीच सांगितलं आणि पुढे पदवीच्या प्रत्येक शाखेत तो आला. म्हणजे प्रश्न माहीत आहे, मोजलेला आहे आणि शिकवलाही जातो.

मुलांच्या कल्पना चांगल्या होत्या, हे आधी सांगते. दुसऱ्या वर्षाच्या एका मुलीनं विज्ञान इमारतीच्या एका मजल्यावरचे पंखे मोजले होते. 48 भरले. जुना पंखा साधारण 75 वॅट खातो, नव्या बीएलडीसी मोटरचा 30 वॅटच्या आसपास. तिनं सरळ वजाबाकी मांडली होती: ताशी दोन युनिटांहून जास्त बचत, तीही एका मजल्यावर. चिठ्ठीच्या मागे तिनं वर्गांचे क्रमांक आणि त्यापुढे पंख्यांची संख्या लिहिली होती, आणि एका वर्गापुढे ‘दोन बंद, कुणी सांगितलेलं नाही’ अशी नोंद होती. ही नोंद वाचून मला फार बरं वाटलं. ज्यानं स्वतः मान वर करून पाहिलं त्यालाच असं लिहिता येतं.

वसतिगृहातल्या एका मुलानं मेसमधल्या उष्ट्याबद्दल लिहिलं होतं. रोज रात्री किती भात टाकला जातो हे तो भांडी घासायच्या जागी उभा राहून बघून आला होता. ते वाचताना मला डॉ. आनंद कर्वे आठवले. ते वनस्पतिशास्त्रज्ञ. वडील दिनकर कर्वे फर्ग्युसनचे प्राचार्य होते, आई इरावतीबाई डेक्कन कॉलेजात, म्हणजे कॉलेजचं वातावरण घरातलंच. गोबर गॅसच्या टाकीत पिढ्यान्‌पिढ्या शेण घालत आलेल्या देशात त्यांनी एक साधा प्रश्न विचारला. शेणातले जिवाणू मुळात गाईच्या पोटातले. मग त्यांना गाय पचवून टाकते तो चोथा का द्यायचा? गाय खाते तसं अन्नच का देऊ नये? शिळा भात, पोळीचे तुकडे, खराब झालेलं पीठ थोडंसं घातलं तरी गॅस होतो, आणि तोही लवकर, हे त्यांनी दाखवून दिलं. घराच्या गच्चीवर मावेल एवढी टाकी त्यातून तयार झाली आणि त्यांच्या ‘आरती’ या पुण्यातल्या संस्थेला त्या कामासाठी 2006 साली ॲशडेन पुरस्कार मिळाला. रोज डोळ्यांसमोर असलेल्या वस्तूकडे नीट पाहिलं की काय निघतं, याचं याहून चांगलं उदाहरण मला ठाऊक नाही.

तर अशा दहा-बारा चिठ्ठ्या. बाकीच्या मात्र ‘झाडे लावा’, ‘प्लास्टिक टाळा’, ‘जनजागृती करा’, ‘ॲप तयार करा’ अशा होत्या. मी मुलांना दोष देत नाही. पर्यावरणाचा सक्तीचा पेपर आपण त्यांना कसा दिला ते पाहा. प्रकल्पाला गुण आहेत, आणि महाविद्यालयाच्या फाटकासमोरच्या झेरॉक्सच्या दुकानात तो प्रकल्प तयार मिळतो. मुखपृष्ठावर पृथ्वीचा गोल, आत ओझोनचा थर, शेवटी आभार. नाव घालायची जागा तेवढी रिकामी. मुलं तो विकत घेतात, प्राध्यापक सही करतात, आणि तीन वर्षं ज्या इमारतीत बसून शिकलो तिचं पाणी कुठून येतं हे न कळता मुलगा पदवीधर होतो. मला याचं मनापासून दुःख आहे. सगळ्या मुलांना पर्यावरण शिकवायचं हा मोठा निर्णय होता. त्याचं आपण झेरॉक्सच्या दुकानातलं बाड करून टाकलं.

आता त्या बाद चिठ्ठीकडे येते. पेन्सिलीनं, सुट्या सुट्या अक्षरांत लिहिलं होतं:

‘मागच्या बिल्डिंगची टाकी रोज वाहते. मोटर सातला लावतात, आठला टाकी भरते. बंद करणारा साडेनऊला येतो.’

बस, तीन वाक्यं. प्रस्तावना नाही, पृथ्वीचा गोल नाही. मी संयोजकांना विचारलं, ही भिंतीवर का नाही? एक मुलगा नम्रपणे म्हणाला, “मॅडम, नाव-वर्ग नाही ना. नियमात बसत नव्हती.” त्याचा दोष नव्हता, त्याला दिलेला नियम तो पाळत होता. पण हजेरी क्रमांक असेल त्यालाच विचार सुचतो, असं त्या छापील चिठ्ठीनंच ठरवून टाकलं होतं, आणि मला चीड आली ती याची.

माझ्या बोलण्याला अजून अर्धा तास होता. पंखे मोजणाऱ्या मुलीला म्हटलं, “चल, बघून येऊ.” मागच्या इमारतीच्या मागे आम्ही दोघी गेलो. पाऊस संपून महिना झाला होता. मैदानावरचं गवत पिवळं पडलेलं, वाटेवर धूळ. आणि भिंतीच्या कोपऱ्यात, गच्चीवरून उतरणाऱ्या पाइपाच्या खाली, अळूचं बन माजलं होतं. एकेक पान सुपाएवढं, देठ अंगठ्याएवढे जाड. भिंतीवर वरपासून खालपर्यंत शेवाळाचा हिरवा पट्टा, आणि खाली फरशीच्या फटीतून चिखल.

अळू कुठे वाढतं हे आपल्याकडे कुणाला शिकवावं लागत नाही. मोरीचं पाणी जिथे निघतं तिथे, विहिरीच्या थारोळ्याशी, गळक्या नळाखाली. मिळेल तेवढं पाणी पिऊन अळू पोसतं. अशा कोरड्या दिवसांत भिंतीपाशी एवढं अळू दिसलं, तर तिथे रोज आणि भरपूर पाणी सांडतं आहे, हे माझ्या आईनं लांबूनच सांगितलं असतं. त्या मुलीला मी हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, “मॅडम, मी रोज इथून जाते. मला वाटायचं, मुद्दाम लावलंय.”

तेवढ्यात झाडलोट करणाऱ्या मावशी बादली घेऊन आल्या. आम्ही वर बघतोय हे त्यांनी पाहिलं आणि त्याच म्हणाल्या, “चिठ्ठी वाचली का?”

चिठ्ठी त्यांची होती. सभागृह पुसताना टेबलावर कोऱ्या चिठ्ठ्या होत्या, पेन्सिल होती, त्यांनी लिहिली आणि पेटीत टाकली. त्या सकाळी साडेसातला येतात. रात्रपाळीचा वॉचमन सात वाजता ड्युटी संपताना मोटर लावतो, पंपाच्या खोलीला कुलूप घालतो आणि घरी जातो. दुसरी किल्ली ऑफिसातल्या मामांकडे, ते साडेनऊला येतात. मधला दीड तास टाकी वाहते आणि मागच्या व्हरांड्यात आलेलं पाणी मावशी ओढत बसतात. “दोनदा सांगितलं ताई तोंडी. हो म्हणाले.”

“मग काय करायला हवं?” मी विचारलं.

“त्याला म्हणावं, सातला लावतोस ती सहाला लाव. सातला बंद कर न् मग जा. टाकी तासातच भरते.”

पंखे मोजणाऱ्या मुलीनं तिथेच हिशेब केला. मोटर पाच हॉर्सपॉवरची, पाटीवर लिहिलेलं होतं. म्हणजे ताशी साधारण चार युनिट, दीड तासाची सहा. वर्षाचे कामाचे 250 दिवस धरले तर 1500 युनिट. दर युनिटला 0.7 किलो, म्हणजे वर्षाकाठी टनभर कार्बन डायऑक्साइड. वर उपसलेलं पाणी वाया जातं ते वेगळंच. आणि उपायाला खर्च किती? एकही रुपया नाही. एका माणसानं एक बटण तासभर आधी दाबायचं आणि जाताना बंद करायचं.

तिचा चेहरा मला आठवतो आहे. आठवडाभर तिनं ज्या प्रश्नावर वाचलं, लिहिलं, चित्रं चिकटवली, त्याचा तिच्या आवारातला टनभर वाटा या भिंतीवरून रोज ओघळत होता. आणि तो ज्यांना दिसत होता त्यांच्याकडे तिनं किंवा आणखी कुणी कधी चौकशी केली नव्हती.

सभागृहात परतल्यावर तयार करून आणलेलं भाषण मी केलं नाही. मी ती चिठ्ठी वाचून दाखवली आणि एकच गोष्ट मागितली. आवार म्हणजे फक्त विद्यार्थी आणि प्राध्यापक नव्हेत. वॉचमन, मेसच्या बायका, माळी, प्रयोगशाळेतले मदतनीस, ऑफिसातले मामा, झाडलोट करणाऱ्या मावशी हेही आवारच आहे. कोणता नळ गळतो, कोणत्या वर्गात शेवटच्या तासानंतर दिवे तसेच राहतात, मेसमध्ये सोमवारी कोणती भाजी टाकली जाते, हे त्यांना पाठ असतं. त्यांना चिठ्ठी द्या, नावाचा रकाना काढून टाका. लिहायचं नसेल त्यांचं तोंडी ऐका आणि मुलांना ते लिहून घ्यायला बसवा. तेवढाच मुलांचा प्रकल्प, फाटकासमोरच्या दुकानातून न आणलेला.

आणखी एक मागितलं. महाविद्यालयाचं विजेचं बिल दर महिन्याला सूचनाफलकावर लावा. बिलावर मागच्या महिन्यांचा वापर छापलेला असतो. मी सभागृहात विचारलं, हे बिल आजवर कुणी पाहिलंय? एकही हात वर आला नाही. आजाऱ्याचा ताप न मोजता आपण औषधं सुचवत बसलो आहोत, असं मी म्हटलं. ते कुणाला लागलं असेल, पण मला ते मागे घ्यावंसं वाटत नाही. बिल फलकावर आलं की पंख्यांचा हिशेब, टाकीचा हिशेब, सौर पॅनेलचा हिशेब मुलं आपण होऊन करतील. कल्पना त्यांच्याकडे भरपूर आहेत. त्या कुठे लावायच्या, ती जागा त्यांना कुणी दाखवत नाही.

निघताना मी पुन्हा मागच्या बाजूला गेले. एक गोष्ट मनाला लागून राहिली होती. मोटर वेळेवर बंद झाली तर ते अळू वाळणार. मेसच्या बायका त्याचंच फतफतं करतात, वसतिगृहातली मुलं ते आवडीनं खातात, हे मावशींनीच मघाशी सांगितलं होतं. मी म्हटलं, “मावशी, पाणी थांबलं तर अळवाचं काय हो?”

त्यांनी बोटानं मेसच्या मागचं दार दाखवलं. भाज्या-तांदूळ धुतात ते पाणी तिथल्या मोरीतून सरळ गटारात जातं. मोरीपासून भिंतीपर्यंतचं अंतर मोजून वीस पावलं. “तेवढा चर खणला की झालं,” त्या म्हणाल्या. “माळीबुवाला मी कधीच बोलून ठेवलंय. तो म्हणतो, ऑफिसातून कागद येऊ दे.”

तो कागद आला का, हे विचारायला मी येत्या शनिवारी पुन्हा जाणार आहे.